चकातून सुटलेला जॉब

शेतावरच्या पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला, की शेतकरी तो पिशवीत घालून तालुक्याच्या लेथवाल्याकडे येतो. उसाला पाणी द्यायचं असतं, वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे काम आजच्या आज हवं असतं. झिजलेल्या जागेवर वेल्डिंगचा थर चढवायचा आणि टर्निंग करून पुन्हा मापात आणायचं, एवढंच काम. मायक्रोमीटर लावला, ३५ मिलिमीटर बरोबर भरलं, की शाफ्ट पुन्हा पिशवीत. आणि महिन्याभरात नवं बेअरिंग ओरडायला लागतं. मग शिव्या खातं बिचारं बेअरिंग. ‘डुप्लिकेट माल हो!’

मी आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलं, पुढे पोरांना शिकवलंही. अशा तक्रारीत माल बऱ्याचदा चांगला निघतो आणि शाफ्टचं मापही बरोबर असतं. बिघडलेलं असतं ते सेंटर. मायक्रोमीटर जाडी सांगतो. ती जागा बाकीच्या शाफ्टच्या मधोमध आहे की एका अंगाला सरकली आहे, हे तो सांगू शकत नाही. मिनिटाला २९०० फेरे घेणारा शाफ्ट मात्र ते लगेच सांगतो.

असं का होतं? लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याच्यावर कट घेतं. चकात धरलेला जॉब न सोडता तुम्ही त्याच्यावर चार जागी कट घेतलेत, तर चारही जागांचं सेंटर एकच येतं, कारण ते स्पिंडलचं असतं. जॉब सोडलात की हे नातं तुटलं. पुन्हा धरल्यावर तो आपोआप जुन्या सेंटरवर बसत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी हाच, की होता होईल तो जॉब सोडूच नका. आटे पाडल्यावर नट बसतो का पाहायचाय? नट जॉबकडे न्या, जॉब नटाकडे नेऊ नका.

पण जॉब उलटा करून दुसरं टोक करायचं असतंच. तिथे घाईचा माणूस थ्री-जॉ चकावर भिस्त ठेवतो. त्याचे तिन्ही जॉ, म्हणजे पकडीचे जबडे, एकदम सरकतात, जॉब झटकन बसतो आणि सेंटरला आल्यासारखा दिसतो. चांगल्या चकातसुद्धा डायल लावला तर काटा ०.०५ ते ०.१० मिलिमीटर हलतो. वापरून झिजलेल्या चकाचं तर विचारूच नका. तुमच्या हातातल्या वर्तमानपत्राचा कागद जेमतेम तेवढा जाड असेल. जॉबवर एक नंबरच्या जॉसमोर खूण करून तो त्याच जागी परत धरला, चावीही त्याच भोकात फिरवली, तर फरक कमी होतो. जाईलच असं नाही. शिवाय जॉखाली लोखंडाचा बारीक कीस अडकला, तर सगळंच मुसळ केरात. धरण्याआधी फडकं मारायला अर्धं मिनिट लागतं.

खरं काम फोर-जॉ चकाचं. त्याचा प्रत्येक जॉ स्वतंत्र हलतो, म्हणून नवशिके त्याला भितात. भिण्याचं कारण नाही. जॉब तांब्याची पत्री घालून धरायचा, म्हणजे तयार पृष्ठभागावर वळ उठत नाहीत. डायल मात्र पूर्वी टर्निंग झालेल्या, न झिजलेल्या जागेवरच लावायचा. आता चक हातानं फिरवा. समजा, एक नंबरच्या जॉपाशी काटा ०.६० दाखवतो आणि समोरच्या तीन नंबरपाशी ०.२०. फरक ०.४० चा, पण जॉब सरकवायचा त्याच्या निम्मा, ०.२०. तीन नंबर किंचित सैल करा, एक नंबर आवळा, दोन्हीकडे ०.४० आलं की ती जोडी जुळली. मग दोन आणि चार. बरीच पोरं पूर्ण फरक एका बाजूनं काढायला जातात आणि तासभर काटा या टोकाहून त्या टोकाला नाचवत बसतात.

एवढ्यावर संपत नाही. चकाजवळ काटा स्थिर असतो आणि वीतभर पुढे तोच काटा डोलतो. म्हणजे जॉब तिरका धरलाय. तिथे जॉ हलवून उपयोग नाही. लांबच्या टोकाला तांब्याच्या हातोडीनं हलकेच ठोकायचं. मग पुन्हा चकाजवळ तपासायचं, कारण ठोकल्यानं तेही थोडं हलतं. दोन्हीकडे काटा गप्प बसेपर्यंत हा खेळ चालतो.

शाफ्टसाठी याहून सोपी वाट आहे. लाटणं करणारा कातारी लाकूड दोन टोकांमध्ये धरून फिरवतो, तसाच शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरायचा. बऱ्याच शाफ्टच्या दोन्ही तोंडांना ६० अंशाची छोटी सेंटर भोकं असतात. ती शाबूत असतील तर शाफ्ट कितीदाही काढा, उलटा करा. सेंटर तो स्वतःबरोबर घेऊन फिरतो. पण बेअरिंग काढताना शाफ्टच्या तोंडावरच घण घालणारे महाभाग असतात आणि भोकं चेपतात. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेनं शाफ्ट वाकतो. म्हणून आधी सरळ करायचा, भोकं दुरुस्त करायची, मग न झिजलेल्या जागांवर डायल फिरवायचा आणि त्या खऱ्या फिरल्या तरच वेल्डिंगवर कट घ्यायचा. बेअरिंगच्या जागेला सहसा ३५ वर २ ते १८ मायक्रॉन जास्त ठेवतात. सेंटर ०.१० नं चुकलं असेल, तर मायक्रॉनची ही सगळी कसरत वाया जाते.

तेव्हा शाफ्ट परत न्यायला जाल, तेव्हा मायक्रोमीटरच्या मापावर समाधान मानू नका. शाफ्ट सेंटरमध्ये धरून इंपेलरच्या, कपलिंगच्या आणि बेअरिंगच्या जागांवर डायल लावून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि काटा वाचायला टर्नर असावं लागत नाही.