रबर, चामडे आणि अर्धा अवकलज

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि विणकामाचा मोठा ओघ भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळला. पुढच्याच वर्षी, या धांदलीशी काडीचाही संबंध नसलेला एक निबंध अमेरिकेत बॅगले आणि टॉर्विक यांनी लिहिला : रबरासारखे पदार्थ हादरे कसे जिरवतात, याला अपूर्णांकी कलनाचा सैद्धांतिक आधार देणारा. मागाशी त्याचे नाते मात्र जवळचे आहे. मिनिटाला दीडशे फेकी धरल्या, तर आडवा धागा नेणारा धोटा सेकंदाला अडीच वेळा सुटतो आणि तितक्याच वेळा पेटीत येऊन आदळतो. तो धक्का झेलायला चामड्याचे पट्टे, धोट्याला फटका देणारा पिकर, मागाच्या पायाखालच्या रबरी गाद्या असतात. ही मंडळी धड स्प्रिंग नाहीत, धड तेलही नाहीत. स्प्रिंगचा जोर किती दाबले यावर ठरतो, तेलाचा किती वेगाने दाबले यावर, म्हणजे पहिल्या अवकलजावर (बदलाच्या दरावर). रबर या दोहोंच्या मधे, म्हणजे शून्य आणि एक यांमधल्या अपूर्णांकी अवकलजावर बसते. कंपनाचा आवाका तोच ठेवून वारंवारिता सोळापट केली, तर तेलाचा विरोध सोळापट होतो. अर्ध्या अवकलजाने वागणाऱ्या पदार्थाचा चौपटच. धोट्याच्या एका ठोक्यात अडीचच्या पटीतली कितीतरी कंपने दडलेली असतात. गादीला तेल समजून हिशेब मांडणारा वरच्या कंपनांत म्हणूनच साफ फसतो.

कल्पना जुनीच. लायब्निझने ३० सप्टेंबर १६९५ च्या पत्रात लोपितालशी अर्ध्या अवकलजाची चर्चा केली होती. पण गणित पुढे गेले आणि पदार्थ मागे राहिले. १९२१ मध्ये नटिंगने ताणलेल्या पदार्थांत काळाचा अपूर्णांकी घात मोजला, तेव्हा कुठे दोघांची गाठ पडायला लागली. अपूर्णांकी अवकलज हा निव्वळ आलेख जुळवण्याचा खेळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. पुरेशा स्प्रिंगा आणि तेलाच्या नळ्या जोडल्या की कोणताही आलेख जुळतो, हे खरेच. पण तिथे डझनभर स्थिरांक लागतात, इथे चार-पाचांत भागते. शिवाय बॅगले-टॉर्विक यांनी तो अर्धा घात रेणूंच्या सिद्धांतातूनच येतो असे दाखवले. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : अपूर्णांकी अवकलजाला सगळा भूतकाळ आठवावा लागतो, मग यंत्र आवरणाऱ्या नियंत्रकाने तो साठवायचा कुठे? ऊस्तालूप यांनी यावर व्यवहारी तोड काढली. हव्या त्या वारंवारितेच्या पट्ट्यापुरती साध्या समीकरणांची साखळी वापरायची, बाकीचे सोडून द्यायचे. त्यामुळेच पॉडलुब्नी यांचा १९९९ चा अपूर्णांकी पीआयडी नियंत्रक (चूक, तिची बेरीज आणि तिचा बदलाचा दर पाहून चालणारा) कागदावर अडकून पडला नाही. समीकरणे सोडवण्याच्या कामात महाराष्ट्रही आहे. पुण्याच्या वर्षा दफ्तरदार-गेजी आणि हुसेन जाफरी यांची २००६ ची पद्धत या क्षेत्रात आजही वापरली जाते.

मागवाला म्हणेल, आधी ढिले बोल्ट आवळा, झिजलेला पिकर बदला. बरोबर आहे, जुन्या मागाचा बराचसा खडखडाट तिथलाच, आणि त्याला पान्हा पुरतो. पान्ह्याने सुटत नाही तो प्रश्न नंतरचा : बोल्ट आवळल्यावर जमिनीत उतरणारा हादरा किती, आणि नवी गादी किती जाड, किती मऊ घ्यायची. ती आज अंदाजाने कापली जाते. गादीचा एक तुकडा काही वारंवारितांवर हलवून पाहिला, तर तिचा अपूर्णांकी घात मोजता येतो, आणि अंदाजाची जागा हिशेब घेतो.