जुन्या ओळखीची क्रीम घ्यावी का? उत्तर डबीच्या मागच्या बाजूला आहे

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत दोन डब्या घेऊन माझ्याकडे आली. एक निळी, पत्र्याची. तिच्या नानीपासून घरात चालत आलेली. दुसरी पांढरी, चकचकीत, ओळखीच्या बाईकडून घेतलेली. "मॅडम, अम्मी म्हणते निळी लाव. खाला म्हणते ही पांढरी लाव, महिन्यात उजळशील, पुढं स्थळं यायची आहेत. कुठली चांगली?"

मी दोन्ही डब्या उलट्या केल्या. निळीवर घटक, कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, मुदत, किंमत, सगळं बारीक अक्षरात छापलेलं. पांढरीवर एका गोऱ्या बाईचा फोटो आणि चार इंग्रजी शब्द. पत्ता नाही, तारीख नाही. ती मी तिथंच बाजूला ठेवली. पण निळीलाही लगेच "हो" म्हटलं नाही. नानी वापरायची म्हणून एखादी वस्तू आपोआप चांगली ठरत नाही आणि जुनी म्हणून टाकाऊही ठरत नाही. तिला जे समजावलं, तेच इथं लिहिते.

क्रीम नेमकं काय करते?

कणीक मळून ठेवताना आपण वरून तेलाचा हात फिरवतो. नाहीतर वर पापुद्रा धरतो. थंडीत कागलच्या कोरड्या वाऱ्यात गाल, ओठ उलतात, त्याचं कारण हेच. कातडीतलं पाणी उडून जातं. चांगली क्रीम तीन कामं करते. ग्लिसरीनसारखे घटक पाणी धरून ठेवतात. तेलं आणि मेद कातडी मऊ करतात. पेट्रोलियम जेली, मेण, मिनरल ऑइल हे वरून झाकण घालतात. एवढंच. क्रीम ओलावा टिकवते, रंग बदलत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. आपले हकीम ज्यांना जालीनूस म्हणतात, त्या दुसऱ्या शतकातल्या वैद्याच्या नावावर मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं मलम सांगितलं जातं. युनानीतली कैरूती त्याच घराण्यातली. कोल्ड क्रीमचंही मूळ तेच. लावल्यावर त्यातलं पाणी उडतं आणि गार वाटतं, म्हणून ते नाव.

जुन्या क्रीममधले प्रकार

पहिला प्रकार स्नोचा. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' बाजारात आणला आणि 'स्नो-पावडर' हा शब्द घरोघरी गेला. स्नो म्हणजे स्टिअरिक ॲसिडवर बनलेली हलकी क्रीम. चोळली की जिरते, चेहरा तेलकट दिसत नाही. तेलकट कातडीला चालते, पण कडाक्याच्या थंडीत कमी पडते.

दुसरा प्रकार जड क्रीमचा. निळ्या डबीतली निव्हिया १९११ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये तयार झाली. मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेल्या घटकामुळे तेल आणि पाणी एकजीव राहू लागलं, हे तिचं वैशिष्ट्य. कोरड्या चेहऱ्याला, हातांना, टाचांना उत्तम. मुरुमं येणाऱ्या तेलकट चेहऱ्याला मात्र जड. फार नाजूक कातडी असेल तर सुगंध नसलेली क्रीम बरी.

तिसरा प्रकार आयुर्वेदिक. आपल्या महाराष्ट्रातली विको टर्मरिक सगळ्यांच्या ओळखीची. ती सौंदर्यप्रसाधन की औषध, हा कराचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. ग्राहकासाठी त्यातली गोष्ट एवढीच की आयुर्वेदिक पॅकवर अनेकदा हळद, चंदन असे औषधी घटक ठळक असतात आणि बाकीचं 'क्रीम बेस' या दोन शब्दांत उरकलेलं असतं. ॲलर्जी असेल तर हे लक्षात ठेवा.

घेण्याआधी चार गोष्टी पाहा

१. घटकांची यादी. जास्त प्रमाणातला घटक आधी लिहितात. पहिल्या पाच-सहात ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली, मिनरल ऑइल यांपैकी काही असेल तर क्रीम तिचं काम करणार. केशर, मोती, सोनं यादीच्या शेवटी असेल तर ते नावापुरतंच.

२. ग्रॅममागे किंमत. समजा ३० ग्रॅम १५० रुपयांना आणि १०० ग्रॅम ३०० रुपयांना आहे. पहिली ग्रॅमला ५ रुपये पडते, दुसरी ३ रुपये. पण मोठी डबी मुदतीत संपणार नसेल तर ती स्वस्त नाही.

३. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतीपासूनही बनतं, चरबीपासूनही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही शंका असते. पॅकवर हिरवा ठिपका पाहा. नसेल तर ग्राहक सेवेच्या नंबरवर सरळ विचारा.

४. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. खाज, पुरळ आलं तर चेहऱ्याला लावू नका.

आणि लावण्याची वेळ महत्त्वाची. तोंड धुतल्यावर किंवा वुजूनंतर चेहरा हलका टिपा आणि ओलसर असतानाच लावा. कोरड्या चेहऱ्यावर तीच क्रीम अर्धंच काम करते.

पांढऱ्या डबीचं काय?

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडनीला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीचा रंग बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो अंगात मुरतो आणि किडनी बिघडवतो. तो डोळ्यांना दिसत नाही, वासानेही कळत नाही. काही डब्यांत स्टेरॉइड असतं. त्यानं कातडी पातळ आणि लाल होते, मुरुमं, लव वाढते. बंद केलं की चेहरा आणखी बिघडल्यासारखा वाटतो आणि बाई पुन्हा तीच डबी आणते. अशा वेळी कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, डबी सोबत न्या.

२०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढला. आपल्या घरातून तो शब्द अजून निघालेला नाही, हे खरं दुखणं आहे.

त्या मुलीच्या अम्मीला मी शाळेत बोलावलं. तेव्हा कळलं, खाला स्वतः चार महिने ती पांढरी क्रीम लावत होती. तिला डॉक्टरांकडे पाठवलं, लघवीची तपासणी झाली. अल्हम्दुलिल्लाह, किडनी ठीक निघाली. डबी घरातून गेली.

मुलीचा चेहरा कोरडा आहे, त्यामुळे निळी डबी तिला मानवते. थंडीभर तिनं तीच लावली. आणि स्थळांचं म्हणाल, तर आधी तिची दहावी व्हायची आहे.