नोंद कोणाची, दुरुस्ती कोणाची : ऑनलाइन प्राप्तिकर विवरणपत्रातील अडचणी आणि मदतीचे मार्ग

प्राप्तिकर विवरणपत्र, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘रिटर्न’ म्हटले जाते ते, हे आपल्या वर्षभराच्या उत्पन्नाविषयी आणि त्यावरील कराविषयी करदात्याने शासनाला दिलेले निवेदन असते. ते कागदावर भरले जात असे त्या काळात त्यातील उणिवा कार्यालयातील कर्मचारी समोरासमोर दाखवून देऊ शकत; आता ते ई-फायलिंग पोर्टलवर भरले जाते, बेंगळुरू येथील केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीपीसीमध्ये, संगणकाद्वारे तपासले जाते आणि तपासणीचा निष्कर्ष ई-मेलने कळवला जातो. या व्यवस्थेमुळे परतावा पूर्वीपेक्षा लवकर मिळू लागला आणि कार्यालयातील हेलपाटे कमी झाले, हे खरेच आहे. परंतु काही अडले की समोर माणूस नसतो, केवळ पडद्यावरचा एक त्रोटक संदेश असतो, आणि निवृत्तिवेतनधारक, नव्याने नोकरीला लागलेले तरुण किंवा इंग्रजीतील कायद्याची भाषा अंगवळणी नसलेले असंख्य नागरिक तेथेच गोंधळतात.

या गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा मदतीच्या अभावात नसते. मदत कोणाकडे मागावी हे ठाऊक नसण्यात असते. पोर्टलवर सगळी माहिती एकाच ठिकाणी दिसत असली, तरी ती एकाने भरलेली नसते. वेतनाची माहिती नोकरी देणाऱ्या संस्थेने, व्याजाची बँकेने किंवा पतसंस्थेने, घराच्या खरेदी-विक्रीची निबंधक कार्यालयाने, नाव आणि जन्मतारीख पॅन आणि आधारच्या यंत्रणांनी, तर वजावटींची माहिती स्वतः करदात्याने दिलेली असते. ज्याने नोंद केली त्यालाच ती दुरुस्त करता येते, हा या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे, आणि तो एकदा ध्यानात आला की बहुतेक अडचणींची वाट आपोआप स्पष्ट होते.

पुढील विवेचनात आलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील आहेत. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असला, तरी त्या तारखेपूर्वीच्या उत्पन्नाची विवरणपत्रे जुन्या कायद्यानुसारच भरली जातात.

ओळखीच्या नोंदी

पोर्टलवर प्रवेश करण्यासाठी दहा अक्षर-अंकांचा पॅन हीच करदात्याची ओळख असते, आणि हा पॅन आधारशी जोडलेला असणे कलम १३९एए अन्वये, काही अपवाद वगळता, बंधनकारक आहे. ही जोडणी ३० जून २०२३ पर्यंत न करणाऱ्यांचे पॅन ‘निष्क्रिय’ ठरवण्यात आले. अशा पॅनवर परतावा दिला जात नाही आणि उद्गम करकपात चढ्या दराने होते. १,००० रुपये शुल्क भरून जोडणी करता येते, परंतु पॅन आणि आधारवरील नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांत तफावत असल्यास ती यशस्वी होत नाही. महाराष्ट्रात ही अडचण विशेषतः विवाहित स्त्रियांच्या वाट्याला येते, कारण एका दस्तऐवजावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असणे सर्रास आढळते. मधले नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ आद्याक्षर असल्यानेही हाच प्रश्न उद्भवतो. पोर्टलच्या मदतवाहिनीला यात काहीही बदल करता येत नाही. पॅनवरील चूक पॅन सेवा देणाऱ्या अधिकृत संस्थांकडे अर्ज करून आणि आधारवरील चूक आधार सेवा केंद्रात जाऊन दुरुस्त करावी लागते, आणि दोन्ही नोंदी जुळल्यानंतरच जोडणीचा प्रयत्न पुन्हा करणे योग्य ठरते.

कापलेला कर दिसत नाही तेव्हा

सर्वांत जास्त मनस्ताप देणारी अडचण उद्गम करकपातीची, म्हणजे टीडीएसची असते. वेतन, व्याज किंवा भाडे देणाराच त्यातून काही रक्कम कर म्हणून कापतो, सरकारजमा करतो आणि कोणाच्या पॅनवर किती कपात केली याचे तिमाही विवरण सादर करतो. त्यावरून ‘फॉर्म २६एएस’ हे करखात्याचे पत्रक तयार होते. याखेरीज नोव्हेंबर २०२१ पासून ‘वार्षिक माहिती विवरण’ म्हणजे एआयएस उपलब्ध झाले असून त्यात बचत खात्यावरील व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार आणि मोठ्या खरेदी-विक्रीही दिसतात. नोकरदाराला मालकाकडून मिळणारा ‘फॉर्म १६’, २६एएस आणि एआयएस ही तिन्ही पत्रके समोर ठेवून मगच विवरणपत्र भरायला घेतले, तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

मुदत ठेवीवर १,२०,००० रुपये व्याज देताना बँकेने १० टक्के दराने १२,००० रुपये कापले, परंतु विवरणात पॅनचा एक अंक चुकला किंवा विवरणच सादर झाले नाही, तर ती रक्कम ठेवीदाराच्या २६एएसमध्ये दिसत नाही, आणि विवरणपत्रात तिचे श्रेय मागितले की सीपीसी तेवढ्या कराची मागणी कळवते. येथे सीपीसीकडे कितीही तक्रारी केल्या तरी उपयोग होत नाही, कारण चूक बँकेच्या विवरणात असते आणि ती बँकेनेच दुरुस्ती विवरण दाखल करून सुधारायची असते. म्हणून शाखेकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि करकपातीचे प्रमाणपत्र मागावे. कायदा या ठिकाणी करदात्याच्या पाठीशी उभा आहे हेही ठाऊक असायला हवे: कलम २०५ नुसार, जेवढा कर उद्गमस्थानी प्रत्यक्ष कापला गेला आहे तेवढा कर पुन्हा करदात्याकडून थेट मागता येत नाही, मग कापणाऱ्याने तो सरकारजमा केलेला नसला तरीही. हे संरक्षण वापरायचे तर कपात झाल्याचा पुरावा हाती असावा लागतो. वेतनचिठ्ठ्या, बँकेचे खातेउतारे आणि प्रमाणपत्रे जपून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे.

एआयएसमधील एखादी नोंद मुळातच आपली नसेल, किंवा संयुक्त खात्यावरील संपूर्ण व्याज एकाच्याच नावे दिसत असेल, तर त्या नोंदीसमोर ‘प्रतिसाद’ नोंदवण्याची सोय आहे. तो प्रतिसाद माहिती पुरवणाऱ्या संस्थेकडे खातरजमेसाठी पाठवला जाऊ शकतो. नोंद चुकीची आहे म्हणून गप्प बसणे आणि ती बरोबर असूनही उत्पन्न न दाखवणे, दोन्ही पुढे अंगाशी येतात.

नमुना, थकबाकी आणि गोव्यातील विशेष तरतूद

विवरणपत्राचे अनेक नमुने असतात आणि चुकीचा नमुना निवडल्यास विवरणपत्र सदोष ठरू शकते. ५० लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, वेतन, निवृत्तिवेतन, घरभाडे आणि व्याज एवढेच स्रोत असलेल्या निवासी व्यक्तीसाठी आयटीआर-१ अर्थात ‘सहज’ असतो. अल्पकालीन भांडवली नफा, परदेशातील मालमत्ता किंवा अनिवासी दर्जा असल्यास आयटीआर-२ लागतो. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांसाठी आयटीआर-३ आणि अंदाजित उत्पन्नाची सोपी पद्धत स्वीकारणाऱ्यांसाठी आयटीआर-४ अर्थात ‘सुगम’ असतो.

शिक्षक आणि शासकीय कर्मचाऱ्यांना एक वेगळी अडचण भेडसावते. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात १ जानेवारी २०१६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला आणि त्याची थकबाकी पुढे हप्त्यांनी दिली गेली. अशी मागील वर्षांची रक्कम एकाच वर्षात हाती आल्याने कराचा दर वाढत असेल, तर कलम ८९ अन्वये सवलत मिळते. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरण्यापूर्वी ‘फॉर्म १०ई’ पोर्टलवर स्वतंत्रपणे सादर करावा लागतो. मालकाने फॉर्म १६ मध्ये सवलत दाखवली आहे एवढ्यावर विसंबून हा फॉर्म न भरणाऱ्यांची सवलत सीपीसी नामंजूर करते आणि कराची मागणी निघते.

गोव्यातील दांपत्यांसाठी कलम ५ए ची तरतूद ध्यानात घ्यावी लागते. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जात असल्याने, वेतन वगळता घरभाडे, व्याज, भांडवली नफा, व्यवसाय यांचे उत्पन्न दोघांत समान विभागून प्रत्येकाच्या विवरणपत्रात दाखवायचे असते, आणि अशा करदात्यांना ‘सहज’ नमुना वापरता येत नाही. बँक मात्र संपूर्ण व्याज आणि त्यावरील करकपात एकाच्याच पॅनवर कळवते; त्यामुळे ‘परिशिष्ट ५ए’ मध्ये जोडीदाराचा पॅन आणि विभागणी न दाखवल्यास उत्पन्न आणि टीडीएस यांचा मेळ बसत नाही.

पडताळणी आणि परतावा

विवरणपत्र सादर केले म्हणजे काम संपले, हा समज अनेकांना महागात पडतो, कारण पडताळणी झाल्याखेरीज कायद्याच्या दृष्टीने विवरणपत्र भरलेच गेलेले नसते. १ ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, आणि ती उलटल्यावर पडताळणी केल्यास पडताळणीची तारीख हीच विवरणपत्राची तारीख धरली जाते. त्यामुळे वेळेत भरलेले विवरणपत्रही विलंबित ठरून कलम २३४एफ अन्वये ५,००० रुपयांपर्यंत, आणि एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपयांपर्यंत, शुल्क लागू शकते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. परंतु जुना क्रमांक बंद पडलेला असेल, किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतीय क्रमांकच नसेल, तर नेट बँकिंग, प्रमाणित केलेले बँक खाते किंवा डिमॅट खाते यांच्याद्वारे पडताळणी करता येते, आणि यांपैकी काहीच शक्य नसल्यास पोचपावतीवर स्वाक्षरी करून ती मुदतीत बेंगळुरूच्या सीपीसीकडे टपालाने पाठवता येते.

परतावा अडकतो तो बहुधा बँक खात्यामुळे. खाते पोर्टलवर आधी प्रमाणित केलेले असावे, त्यावरील नाव पॅनशी जुळावे आणि आयएफएससी संकेतांक चालू असावा. २०१९ मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये आणि २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाल्यावर जुने संकेतांक बाद झाले. ज्यांनी ते बदलले नाहीत त्यांचा परतावा परत जातो. खाते पुन्हा प्रमाणित करून ‘परतावा पुनर्निर्गम’ विनंती केली की तो मिळतो.

सीपीसीचे पत्र आल्यावर

सीपीसीकडून ई-मेल आला की पुष्कळांना धास्ती वाटते. परंतु प्रत्येक पत्र म्हणजे कारवाई नव्हे. कलम १४३(१) ची सूचना ही केवळ करदात्याचा आणि सीपीसीचा हिशेब शेजारी-शेजारी मांडणारी असते, आणि दोन्ही सारखे असल्यास काहीच करायचे नसते. उत्पन्नात फेरबदल करण्यापूर्वी सीपीसी म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस देते, आणि विवरणपत्र सदोष असल्यास कलम १३९(९) अन्वये दोष दूर करण्यासाठी १५ दिवस मिळतात. उत्पन्न किंवा वजावट दाखवण्यात आपलीच चूक झाली असेल, तर मुदतीत कलम १३९(५) चे सुधारित विवरणपत्र भरावे. आपले विवरणपत्र बरोबर असून प्रक्रियेत उघड दिसणारी चूक झाली असेल, तर कलम १५४ अन्वये दुरुस्तीची विनंती करावी. या दोहोंची गल्लत झाली की महिने वाया जातात.

मदतीसाठी पोर्टलची मदतवाहिनी १८०० १०३ ००२५ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे. दूरध्वनीवर उलगडा न झाल्यास पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा; त्यानेही समाधान न झाल्यास केंद्र शासनाच्या सार्वजनिक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते, आणि प्रकरण मागील वर्षांच्या मागणीचे असेल तर आपल्या क्षेत्राच्या करनिर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. व्यवसाय, समभागांचे गुंतागुंतीचे व्यवहार किंवा परदेशी उत्पन्न असेल, तर सनदी लेखापालाचे शुल्क हा वायफळ खर्च मानू नये.

मदतीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीपासून मात्र सावध राहावे. परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या दुव्यांवर बँकेचा तपशील किंवा ओटीपी कधीही देऊ नये. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि ते पत्र अस्सल आहे की नाही हे पोर्टलवर तपासता येते. परताव्यातील टक्केवारीच्या बोलीवर खोट्या वजावटी दाखवणारे मध्यस्थ तर अधिक घातक असतात. जुलै २०२५ मध्ये अशा प्रकरणांवर प्राप्तिकर विभागाने देशभर कारवाई केली. उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कलम २७०ए अन्वये चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि विवरणपत्र कोणीही भरून दिले तरी उत्तरदायी ज्याचा पॅन तोच असतो.

करदात्यांची सनद २०२० मध्ये जाहीर झाली आणि तिने न्याय्य, सौजन्यपूर्ण वागणुकीचे तसेच वेळेत निर्णय देण्याचे अभिवचन दिले. परंतु त्याआधी वर्षभरच, २०१९ मध्ये, प्राप्तिकर लोकपालाचे पद रद्द झाले होते. विभागाबाहेरून विभागाकडे पाहणारी ती जागा रिकामी झाल्यानंतर संगणकीय तक्रारींना मिळणाऱ्या साचेबद्ध उत्तरांवर दाद मागणे सामान्य माणसाला कठीण जाते. तालुक्याच्या ठिकाणी, मराठीतून आणि माणसाकडून मिळणारे मार्गदर्शन ही यावरची खरी गरज आहे; बँकेने केलेल्या चुकीसाठी सत्तर वर्षांच्या ठेवीदाराने महिनोन्महिने पाठपुरावा करावा, हे कोणत्याही करव्यवस्थेला शोभणारे नाही. ते मार्गदर्शन उपलब्ध होईपर्यंत करदात्याने आपले पुरावे सांभाळावेत, अडचणीतील नोंद कोणी केली हे आधी शोधावे आणि तिची दुरुस्ती त्याच्याकडूनच, लेखी स्वरूपात, हक्काने मागावी.