उंची उधळणारी शर्यत

सॅन फ्रान्सिस्कोच्या नैऋत्य कोपऱ्यात, पॅसिफिकच्या काठावर फोर्ट फन्स्टन आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इथे १६ इंची तोफा बसवल्या, शीतयुद्धात नायकी क्षेपणास्त्रं आली. शत्रू काही आला नाही. आता तिथे गाड्यांच्या टपावरून लांबलचक पिशव्या उतरतात आणि त्यांतून तीसेक किलोंचे हँग ग्लायडर बाहेर पडतात. खालचा कडा जेमतेम ६० मीटरचा, तोही भुसभुशीत. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हसू यावं.

पण इथे सगळी करामत वाऱ्याची. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचा आतला सखल प्रदेश तापतो, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरून गार वारा आत घुसतो. शाळेच्या भूगोलातला खारा वारा तो हाच. वाटेत कडा आडवा आला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. ग्लायडर सेकंदाला साधारण एक मीटर खाली येत असतो. हवा त्याहून वेगाने वर चढत असेल तर तो तासन्‌तास तरंगतो. ऑर्व्हिल राइटने ऑक्टोबर १९११ मध्ये किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकडीवर अशाच वाऱ्यात इंजिनाविना ९ मिनिटं ४५ सेकंद काढली, तो विक्रम दहा वर्षं टिकला. आजचा त्रिकोणी दांड्याचा, अंगाच्या भाराने वळणारा ग्लायडर मात्र ऑस्ट्रेलियाच्या जॉन डिकन्सनचा. १९६३ मध्ये तो ग्राफ्टनला मोटारबोटीमागे उडाला.

चढत्या हवेचा पट्टा कड्याच्या पुढ्यात असतो. पाठीमागे तीच हवा गिरक्या खात कोसळते. म्हणून वळायचं ते नेहमी समुद्राकडे. दोघे समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला कडा, त्याचा हक्क पहिला. त्याला सरायला जागाच नसते.

मोठ्या स्पर्धा आता किनाऱ्यापासून लांब, तापलेल्या मैदानांवर होतात. २०१२ मध्ये टेक्सासच्या झपाटाहून निघालेला डस्टिन मार्टिन ७६४ किलोमीटर गेला. त्यापुढे खुणेला वळसा घालून त्याच कड्यावरून परत येण्याची किनारी शर्यत किरकोळ वाटते. मला तीच जास्त चुरशीची वाटते, कारण तिथे उंच असणारा पुढे असतोच असं नाही. हवेची उचल कड्याच्या माथ्याजवळ जोरकस असते, वर जावं तशी ती विरळ होते. निष्णात स्पर्धक दांडा पोटाशी ओढतो, नाक खाली करतो आणि उंची मोजून वेग विकत घेतो. वर सुखाने तरंगणारा मागे पडतो.

उधळायचं तेही बेताने. दक्षिणेला मसल रॉकजवळ सॅन अँड्रियास भ्रंश समुद्रात उतरतो. त्या बाजूचे कडे सारखे ढासळतात. कड्याला खिंडार पडलं की वारा वर चढण्याऐवजी सरळ आत शिरतो आणि ग्लायडरखालची उचल गायब होते. तेवढं पार करण्यापुरती उंची आधीच गाठीला हवी. वळणावरही हाच हिशेब. सरळ धावेत दोरी ओढून शीड ताठ करतात, त्याने वेग वाढतो, पण ग्लायडर हट्टी होतो. मग खूण जवळ येताच दोरी सैल करायची, वळायचं, पुन्हा ओढायची. नेमकी कधी, यावरच जागा ठरते.

सुटण्याआधीचा एक विधी कुणी चुकवू नये असा. पायलट ग्लायडरखाली आडवा लोंबकळतो आणि सोबती कडी अडकली आहे ना, पट्टा पिळलेला नाही ना, हे हात लावून पाहतो. कडी न अडकवताच धावत सुटणारे या खेळात होऊन गेलेत, त्यांत मुरलेलेही होते.

आपल्याकडे गोव्यात हरमल आणि केरीच्या मधल्या टेकडीवर समुद्रवाऱ्याचं हेच गणित पॅराग्लायडिंगवाले वापरतात. छत्री हळू असल्याने तिला जोराचा वारा मात्र सोसत नाही.

फन्स्टनच्या कड्यात पाकोळ्यांचे एक भाऊबंद बिळं करून घरटी बांधतात. त्यांच्यासाठी थोडा भाग माणसांना बंद ठेवलाय. ते योग्यच. माणसाचं काय, वारा पडला की त्याने पुळणीवर उतरावं, ग्लायडरची घडी घालावी आणि तीस किलो खांद्यावर टाकून कडा चढावा. त्या चढणीला गुण नाहीत.