पेशी मुकाट्याने मार खात नाही

‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. चूक नाही, पण त्यातून एक समज हमखास रुजतो: लढायचं ते पांढऱ्या पेशींनी, आणि त्वचेच्या, फुफ्फुसाच्या, आतड्याच्या पेशींनी नुसतं बळी जायचं. प्रत्यक्षात शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपला बचाव आपणच सुरू करते.

याचा छडा लागला तो १९५७मध्ये, लंडनजवळच्या मिल हिलच्या प्रयोगशाळेत. ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या उबवणीतल्या अंड्यांमधले पापुद्रे काढून ते उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूंबरोबर द्रवात ठेवले. काही तासांनी ते तुकडे फेकून दिले आणि त्याच द्रवात कोरे तुकडे सोडले. या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू घातले, तर ते वाढेचनात! पहिल्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं आणि त्यानेच दुसऱ्या सावध झाल्या होत्या. त्या ‘काहीतरी’ला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं.

पेशीला विषाणू आल्याचं कळतं कसं? तिच्या आत सतत चाचपणी करणारी प्रथिनं असतात. विषाणूच्या आरएनएचं टोक पेशीच्या स्वतःच्या आरएनएसारखं नसतं, तेवढ्यावरून काही प्रथिनं त्याला ओळखतात. डीएनए केंद्रकाबाहेर भटकताना दिसला, तरी इशारा जातो. मग इंटरफेरॉन शेजारच्या पेशींपर्यंत पोचतं आणि त्या तयारीत राहतात. विषाणू आत आलाच, तर त्या प्रथिनं बनवणंच थांबवतात आणि आरएनएचे तुकडे पाडतात, स्वतःच्या आरएनएचेसुद्धा. विषाणूला पेशीची यंत्रणा वापरूनच वाढायचं असतं, तीच बंद. तेवढ्यानेही भागलं नाही, तर पेशी स्वतःला संपवते.

‘जंतू एकदा पेशीत शिरला की संपलं’ हाही असाच समज. साल्मोनेला हा जिवाणू आतड्याच्या पेशींमध्ये घुसतो. २०२१मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की इंटरफेरॉनचा इशारा मिळालेल्या साध्या पेशीतही जीबीपी१ नावाची प्रथिनं त्याच्या बाहेरच्या आवरणाला खिंडार पाडतात. मग एपीओएल३ हे दुसरं प्रथिन आतलं आवरण विरघळवतं, भांड्यावरचा तेलकटपणा साबणाने सुटावा तसं. जंतूही गप्प बसत नाहीत, हे खरं. क्षयाचा जिवाणू तर त्याला गिळणाऱ्या पेशीतच वर्षानुवर्षं तळ ठोकून राहू शकतो.

तापाबद्दलचा समज तर घरोघरी आहे: कणकण, अंगदुखी हा सगळा विषाणूचा उपद्व्याप. हिपॅटायटिस सीवर नवी औषधं येण्याआधी रुग्णांना कित्येक महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. फ्लूचा विषाणू अंगात नसताना त्यांना फ्लूसारखीच थंडी वाजायची, ताप भरायचा, सांधे ठणकायचे. म्हणजे आपल्याला आडवं पाडण्यात आपल्याच बचावाचा मोठा वाटा असतो.

म्हणूनच बाटलीवरचं ‘इम्युनिटी बूस्टर’ वाचून मला प्रश्न पडतो, नक्की काय वाढवणार? एकार्डी-गुटिएर या आनुवंशिक आजारात बाळाला कुठलाही संसर्ग नसतो. पेशी आपल्याच डीएनए-आरएनएला परकं समजून इंटरफेरॉन बनवत राहतात आणि त्यात मेंदूला इजा होते. आल्याचा काढा घशाला बरा वाटतो, खुशाल घ्यावा; पण ही यंत्रणा नुसती वाढवण्यात शहाणपण नाही.

प्रतिपिंडं जितकी जास्त तितकं चांगलं, हेही कोविडकाळात फार ऐकू आलं. २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविडच्या न्यूमोनियाने जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं सापडली, जी विषाणूला नव्हे तर त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करत होती. त्या १०१ मध्ये ९५ पुरुष होते. ज्यांना कोविड सौम्य झाला किंवा लक्षणंच दिसली नाहीत, अशा ६६३ जणांत मात्र एकाकडेही ती नव्हती.