नियुक्तिपत्रामागचा विश्वास

नागपूर-हावडा लोहमार्गावरील भिलाई हे नाव देशाच्या औद्योगिक इतिहासात पोलादाने कोरले गेले आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. दुर्ग जिल्हा त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यात होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज याच शहराच्या कोहका-कुरुद रस्त्यावर अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे आणि पदवी हाती आलेले शेकडो तरुण पहिल्या नोकरीच्या शोधात असतात. त्यांच्या आणि उद्योगाच्या मध्ये जी व्यक्ती उभी असते, तिला मनुष्यबळ विकास व भरती अधिकारी म्हणतात.

कारखान्यातील कायम नोकरी म्हणजे निश्चित वेतन, निवासस्थान, वैद्यकीय सेवा व भविष्य निर्वाह निधी. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला यातले फारच थोडे येते. ही दरी जितकी रुंद, तितके नोकरीचे मोल मोठे. आणि जिथे मोल मोठे, तिथे मध्यस्थ येतोच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईतील कामगार जीवनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. पैसे दिल्याशिवाय नोकरी लागत नाही, ही लोकांची धारणा किती खोल रुजली आहे, हे त्यांनी नोंदविले आहे. ही धारणा हेच दलालाचे खरे भांडवल होय.

त्याचे गणित साधे असते. समजा, दहा उमेदवारांकडून त्याने रक्कम घेतली आणि प्रत्यक्षात काहीच केले नाही. त्यांपैकी दोघे स्वतःच्या गुणांवर निवडले गेले. त्या दोघांचे पैसे तो ठेवतो व उरलेल्या आठांचे सचोटीने परत करतो. निवडलेले दोघे त्याच्या ओळखीचे गुण गातात, तर न निवडलेले आठजण त्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देतात. पुढील वर्षी त्याच्या दारी वीसजण उभे राहतात. काही दलाल तर पैसे परत करण्याचेही कष्ट घेत नाहीत. बापाची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली जाते, आईचे दागिने गहाण पडतात आणि घर कर्जात बुडते.

या दुष्टचक्रावर उत्तर आहे ते भरती अधिकाऱ्याच्या टेबलावर. रिक्त पद मंजूर करून घेणे, कामाचे स्वरूप व पात्रता स्पष्ट लिहिणे, जाहिरात देणे, अर्जांची छाननी, चाचणी, मुलाखत, कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि अखेर नियुक्तिपत्र, असा त्याच्या कामाचा क्रम असतो. मुलाखतीपूर्वीच गुणांकनाचे निकष ठरविणे, प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्र गुण देणे आणि आप्त उमेदवार असल्यास अधिकाऱ्याने निवड समितीतून बाजूला होणे, हे नियम वरवर रुक्ष वाटतात. परंतु न निवडलेल्या उमेदवारालाही निर्णयामागचे कारण पटावे, यासाठीच ते असतात. प्रक्रिया जितकी उघडी, तितकी दलालाची जागा अरुंद.

कायद्याची वाटचालही याच दिशेने झाली. रिक्त पदे सेवायोजन कार्यालयास कळविण्याचा कायदा १९५९ मध्ये झाला. केवळ तेथून नावे मागविणे पुरेसे नसून वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने आपल्या कक्षेतील आस्थापनांना प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे.

बँकिंग क्षेत्राचा अनुभवही बोलका आहे. राष्ट्रीयीकृत बँकांची सामायिक लेखी परीक्षा २०११ मध्ये बँकिंग कार्मिक निवड संस्थेमार्फत सुरू झाली. लिपिक पदासाठीची मुलाखतही २०१६ पासून बंद झाली. ज्या टप्प्यावर ‘ओळख’ उपयोगी पडेल अशी आशा असे, तो टप्पाच उरला नाही.

आपल्या घरातील मुला-मुलींना नोकरीचा प्रस्ताव आला, तर पालकांनी काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. जाहिरात संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे काय? परीक्षेचे शुल्क संस्थेच्या नावे भरायचे आहे, की कोणा व्यक्तीच्या खात्यात? नियुक्तिपत्रावर पद, वेतन व रुजू होण्याचे ठिकाण स्पष्ट आहे काय? शंका आल्यास संबंधित संस्थेच्या कार्मिक विभागाशी थेट संपर्क साधावा. पैसे देऊन बसण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न नंतरच्या दहा तक्रारींहून अधिक मोलाचा ठरतो.

वेतन खाते उघडण्यासाठी एखादा तरुण नियुक्तिपत्र घेऊन शाखेत येतो, तेव्हा तो कागद त्याच्या कष्टाची आणि एका अनाम अधिकाऱ्याच्या सचोटीची साक्ष देत असतो. ती नोकरी आपल्याला कोणी मिळवून दिली नाही, आपण ती मिळवली, ही जाणीव त्याला आयुष्यभर ताठ मानेने काम करू देते.