कॉन्ट्रा नृत्यातील सुलभ आकृती : निवडीची काही तत्त्वे

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात रुजलेल्या कॉन्ट्रा नृत्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात नवशिका आणि मुरलेला नर्तक यांची पंगत निराळी बसत नाही. कार्यक्रमापूर्वी अर्धा तास नवागतांना प्राथमिक धडे दिले जातात आणि लगेच त्यांना वीस-वीस वर्षे नाचत आलेल्या मंडळींच्या रांगेत उभे राहावे लागते. प्रत्येक नृत्याला नवा जोडीदार घेण्याची रीत आहे. शिवाय नृत्य चालू असता प्रत्येक जोडी रांगेतील इतर जोड्यांशी क्रमाने नाचत जाते. त्यामुळे एकाची चूक त्याच्यापुरती राहत नाही. अशा मिश्र समुदायापुढे कोणत्या आकृती ठेवाव्यात हा प्रश्न केवळ अध्यापनाचा नव्हे. निवड चुकली तर नवागत ओशाळून पुन्हा फिरकत नाही. अतिसोपी झाली तर जुने नर्तक कंटाळून आपापसांत नाचू लागतात, वादकांसमोरची मधली रांग अडवतात आणि नवखे सगळे कडेच्या रांगेत एकत्र पडतात. तेथे मग कोणाला आधार देणारा कोणीच उरत नाही.

'कॉन्ट्रा' हे नाव एका भाषिक अपघाताचे फळ आहे. इंग्लंडमधील 'कंट्री डान्स' या नृत्यांचा पहिला मुद्रित संग्रह जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केला. पुढे ही नृत्ये फ्रान्समध्ये गेली तेव्हा 'कंट्री' या शब्दाचे ध्वनिसादृश्याने 'कोंत्र', म्हणजे 'विरुद्ध', असे रूपांतर झाले. नर्तकांच्या रांगा समोरासमोर उभ्या असल्याने हा चुकीचा अर्थही चपखल बसला. अमेरिकेत रूढ झालेले 'कॉन्ट्रा' हे रूप याच कुळातले. 'डोसीडो' हा फ्रेंचमधील 'पाठीला पाठ' या शब्दबंधाचा अपभ्रंश, तर 'अलमांड' म्हणजे मुळात 'जर्मन'. ही व्युत्पत्ती केवळ कुतूहलाचा विषय नाही. आकृतीचे नाव ऐकून तिचा बोध होतो की नाही, यावर तिची सुलभता बरीच अवलंबून असते; त्याचा विचार पुढे येईल.

नृत्याची चौकट थोडक्यात अशी. समोरासमोरच्या दोन लांब रांगांतून दोन-दोन जोड्यांचे, म्हणजे चार-चार नर्तकांचे, चौक पाडले जातात. धून ६४ मात्रांची असते : १६ मात्रांचा पहिला भाग दोनदा आणि तेवढाच दुसरा भाग दोनदा. बहुतेक आकृती ८ किंवा १६ मात्रांत बसवलेल्या असतात. ६४ मात्रा संपल्या की प्रत्येक जोडी एक स्थान सरकते, समोर नवी जोडी येते आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. दांडिया रासातील सरकत्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कल्पना अपरिचित वाटू नये. मिनिटाला सुमारे ११५ मात्रांच्या गतीने एक आवर्तन अर्ध्या मिनिटाहून थोड्या अधिक वेळात आटोपते. आठ-दहा मिनिटांच्या नृत्यात पंधरा-सोळा आवर्तने सहज होतात. सूचना देणारी व्यक्ती, जिला येथे पुकारक म्हटले आहे, प्रथम संगीताविना क्रम चालवून दाखवते. संगीत सुरू झाल्यावर पुढील आकृतीचे नाव आधीच्या आकृतीच्या अखेरच्या दोन-चार मात्रांत उच्चारते. आणि रांग स्थिरावली की हळूहळू गप्प होते.

सोपी आकृती म्हणजे कमी हालचालींची आकृती, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो टिकणारा नाही. डोसीडोमध्ये दोघांनी समोरासमोर येऊन, एकमेकांच्या उजव्या खांद्याजवळून जात, पाठीमागून वळसा घालून मूळ जागी यावयाचे असते. यात शिकण्यासारखे फारसे काही दिसत नाही. तरीही नवखा नर्तक येथेच हमखास चुकतो : कोणी दोन मात्रा उशिरा पोहोचतो, कोणी भलतीकडे तोंड करून उभा राहतो. याउलट चौघांनी हात धरून डावीकडे फेर धरणे, ही आकृती अक्षरशः कोणालाही जमते. फरक पावलांत नसून आधारात आहे. फेरात चौघांचे हात गुंफलेले असल्यामुळे तिघे जाणते एका अजाणत्याला बरोबर नेतात. डोसीडोमध्ये त्याला कोणीही धरलेले नसते. चौघांनी मध्यभागी एकेक हात जोडून फिरण्याच्या 'स्टार' या आकृतीत हाच गुण काहीशा कमी प्रमाणात आहे.

या दृष्टीने 'हे' नावाची आकृती दुसऱ्या टोकाला ठेवावी लागेल. तीत चौघे नर्तक आळीपाळीने उजव्या व डाव्या खांद्याजवळून एकमेकांना ओलांडीत, गोफ विणताना नर्तक जसे एकमेकांभोवती जातात तसे, १६ मात्रा फिरतात. परंतु गोफात निदान हाती दोरी असते. 'हे'मध्ये तीही नसते. एकजण वाट चुकला की चौघांची वीण सुटते आणि ती पुन्हा जुळवण्यास मध्ये थांबा नाही. अनुभवी नर्तकांना ही आकृती अत्यंत प्रिय आहे, आणि नेमके म्हणूनच संध्याकाळच्या पहिल्या तासात ती घेण्याचा मोह पुकारकाने आवरलेला बरा.

आधाराइतकेच महत्त्व काळाच्या लवचिकपणाला आहे. स्विंग या आकृतीत दोघे एकमेकांना धरून, भार किंचित मागे टाकून, जागच्या जागी गरगर फिरतात. फुगडी खेळलेल्या कोणालाही हा परस्परभाराचा सिद्धांत समजावून सांगावा लागणार नाही. स्विंगला आठ मात्रा मिळोत, बारा मिळोत वा सोळा. गिरक्या किती घ्याव्यात याचे बंधन नाही. उशिरा पोहोचलेली जोडी कमी फिरते, वेळेवर आलेली अधिक फिरते, आणि दोन्ही जोड्या पुढच्या खंडाच्या आरंभी तयार असतात. आधीच्या आकृतीत सांडलेला वेळ येथे कोणाला न कळता भरून निघतो. म्हणून नवख्यांसाठी योजलेल्या क्रमात एकापेक्षा अधिक स्विंग असणे ही चैन नव्हे. अखेरीस दोघांनी चौकाच्या आतल्या बाजूस तोंड करावयाचे, आणि ठरलेल्या भूमिकेचा नर्तक डावीकडे व दुसरा उजवीकडे राहील एवढे पाहावयाचे. ही एकच गोष्ट मात्र पक्की घोटून घ्यावी लागते. ती बिघडली तर पुढचे सर्व बिघडते.

मॅसॅच्युसेट्समधील पुकारक डेव्हिड केनर यांचे 'द बेबी रोझ' हे नृत्य या सर्व अंगांनी अभ्यासण्याजोगे आहे. त्याचा क्रम असा : प्रथम शेजारच्या जोडीतील नर्तकाशी बॅलन्स आणि स्विंग, १६ मात्रा. मग चौघांचा डावीकडे पाऊण फेर आणि स्वतःच्या जोडीदाराशी डोसीडो, प्रत्येकी ८. नंतर जोडीदाराशी बॅलन्स आणि स्विंग, १६. शेवटी 'चेन', म्हणजे एका भूमिकेच्या दोघांनी उजवा हात देत समोर ओलांडून जाणे आणि पलीकडच्याने त्यांना वळवून घेणे, ८; व डाव्या हातांचा स्टार, ८, ज्यातून नर्तक नव्या शेजाऱ्यापाशी पोहोचतो. अर्धा काळ स्विंगचाच आहे, आणि सर्वाधिक निसटती आकृती जी डोसीडो, तिच्यानंतर लगेच लवचिक स्विंगची गादी अंथरलेली आहे. डोसीडोत हरवलेल्याला शोधण्यासाठी त्याचा जोडीदार समोर उभाच असतो.

पण जुन्या नर्तकाला यात काय मिळते? त्याला मिळतो ओघ. स्विंग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. डावीकडचा फेरही त्याच दिशेने जातो. उजव्या खांद्याचा डोसीडोही तसाच. शरीराला मिळालेली गती कोठेही मोडावी लागत नाही. चेनच्या अखेरीस जोडी उलट दिशेने वळते आणि डाव्या हातांचा स्टार हीच नवी दिशा पुढे चालवतो. ओघ असलेल्या क्रमात पुढची आकृती शरीरालाच सुचते. हा नियम नवख्यालाही लागू आहे, फक्त त्याला तो जाणवत नाही. अनुभवी नर्तक ज्याला आनंद म्हणतो, तेच नवख्याच्या बाबतीत साहाय्य ठरते. दोघांना पुरणारी निवड शक्य आहे ती याच कारणाने, एरवी ती निव्वळ तडजोड ठरली असती.

जुन्या परंपरेतील नृत्यांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. 'कोरस जिग' या नृत्यात दर दोन जोड्यांपैकी एक जोडी रांगेबाहेरून खाली जाऊन परत येते, मग मधून जाऊन परत येते, नंतर चारही कोपऱ्यांशी वळणे घेते, आणि शेवटी आपसांत बॅलन्स व स्विंग करते. दुसऱ्या जोडीने बहुतेक वेळ उभे राहून योग्य क्षणी हात द्यावयाचा. न्यू हॅम्पशरचे राल्फ पेज, ज्यांनी १९४९ पासून 'नॉर्दर्न जंकेट' हे नियतकालिक चालवले, यांच्या पिढीला या विषमतेत वावगे वाटत नव्हते. उभे राहणे ही पाहून शिकण्याची संधी होती, आणि तिचे मोल आजच्या पुकारकांनी फारच कमी लेखले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांना सारखे नाचवणाऱ्या रचनांचा प्रसार झाला. त्याने उत्साह वाढला, पण नवख्याला मिळणारी उसंतही गेली. ती आता क्रमाच्या रचनेतूनच मिळवून द्यावी लागते : रांगांनी हात धरून पुढे येणे आणि मागे जाणे ही साधी आठ मात्रांची आकृती त्यासाठी फार उपयोगी पडते.

एकाच आकृतीला दोन पातळ्या असू शकतात, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष वाटणार नाही. अर्थ न बदलता उच्चार बदलणे, ज्याला मुक्त विकल्पन म्हणतात, त्याचाच हा नमुना होय. स्विंग साध्या चालीने करता येते, किंवा उजवा पाय मध्याजवळ ठेवून डाव्या पायाने रेटा देत करता येते. डोसीडो चालत घालता येतो, किंवा स्वतःभोवती गिरकी घेत. 'पेट्रोनेला' या जुन्या नृत्यावरून आलेल्या आकृतीत चौघे हात धरून बॅलन्स करतात आणि हात सोडून स्वतःभोवती वळत उजवीकडच्या जागी जातात. कोणी वळला नाही व नुसता चालत गेला तरी बिघडत नाही. अट एकच : आरंभीचे स्थान, शेवटचे स्थान आणि मात्रा यांना धक्का लागता कामा नये. ज्या आकृतीत अलंकाराला अशी जागा आहे, ती मिश्र समुदायासाठी उत्तम. मात्र नवख्या जोडीदाराला त्याच्या इच्छेविरुद्ध गिरकी देणारा अनुभवी नर्तक याचा अपवाद मानावा. त्याचा अलंकार दुसऱ्याच्या पाठांतरावर उठतो.

नावांचा प्रश्नही येथेच येतो. 'डावीकडे फेर' हे नाव स्वतःच सूचना आहे. 'चेन', 'हे', 'अलमांड' ही नावे मात्र पाठ करावी लागतात. एका नृत्यात असे एखादेच अपारदर्शक नाव असले तर नवखा ते पेलतो. दोन झाली की सूचना ऐकून तो त्यांचा अर्थ आठवू लागतो आणि तेवढ्यात चार मात्रा निघून जातात. हात न धरता, नजर एकमेकांवर ठेवून परिक्रमा करण्याच्या आकृतीचे 'जिप्सी' हे नाव अवमानकारक म्हणून अनेक ठिकाणी गेल्या दशकात सोडण्यात आले आणि 'राइट शोल्डर राउंड' हे आले. बदलाचे कारण सामाजिक होते. परंतु नवे नाव खांदाही सांगते आणि वळसाही. स्त्री-पुरुषवाचक संज्ञांच्या जागी अनेक मंडळांनी घेतलेल्या 'लार्क' व 'रॉबिन' या पक्षिनामांचेही तसेच : इंग्रजी आद्याक्षरांवरून लार्क डावीकडे व रॉबिन उजवीकडे, हे आपोआप ध्यानात राहते. लार्कचा 'चंडोल' केला की ही खूण पुसली जाते, हे भाषांतरकाराने लक्षात ठेवावे.

सूचनेची शब्दयोजनाही तितकीच निर्णायक असते. 'पाऊण फेर' हे प्रमाण सांगणे झाले. ते मोजण्यास नवख्याला उसंत नसते, आणि तो पुरा फेर घेऊन मोकळा होतो. 'जोडीदार तुमच्याच बाजूला येईपर्यंत फेर' असे म्हटल्यास त्याला मोजावे लागत नाही, पाहावे लागते. क्रियेऐवजी मुक्काम सांगणारी सूचना बहुधा अधिक लवकर समजते.

रांगेच्या टोकाचा विचार पुष्कळदा राहून जातो. टोकाला पोहोचलेल्या जोडीला एक आवर्तन थांबावे लागते आणि आत शिरण्यापूर्वी आपसांत जागा बदलावी लागते. ज्या नृत्यात आकृती चौघांच्या चौकाबाहेर जातात, मागे सोडलेल्या शेजाऱ्याकडे क्षणभर परतावयाचे असते, तेथे टोकाच्या जोडीला थांबूनही नाचावे लागते. क्रम कितीही सोपा असला तरी असे नृत्य पहिल्या तासात घेऊ नये.

संध्याकाळच्या आखणीत म्हणून पहिले नृत्य फेर, स्टार, रांगांची पुढे-मागे चाल आणि स्विंग एवढ्यावर भागवले जाते. चेन दुसऱ्या वा तिसऱ्या नृत्यात येते आणि पुढच्या एकदोन नृत्यांत मुद्दाम पुन्हा आणली जाते. 'हे' घ्यावयाची असेल तर विश्रांतीच्या थोडे आधी, जोडीला इतर सर्व परिचित आकृती ठेवून. शेवटच्या तासात पाय दमलेले असतात आणि कानही. त्या वेळी जाणता पुकारक एकही नवे नाव उच्चारीत नाही, आधी आलेलीच चार-पाच नावे निराळ्या क्रमाने लावतो आणि पाचव्या-सहाव्या आवर्तनालाच बोलणे थांबवतो.